दाराजवळची पिशवी

बकरी ईदचा दुसरा दिवस होता. २२ जुलै २०२१, गुरुवार. कोरोनाचे निर्बंध असल्यामुळे ईदची नमाज घरीच झाली होती. वाटे करून झाले होते, नातेवाईकांचे आणि गरजूंचे हिस्से पोहोचवून झाले होते. घरचा वाटा फ्रीजमध्ये होता. बाहेर दोन दिवसांपासून पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. रात्री कधीतरी वीज गेली. फजरच्या आधी अम्मी वुजूसाठी उठली आणि तिने हाक मारली, "उठा, गल्लीत पाणी आलंय."

चिपळूणच्या घरांना पाणी नवे नाही. वाशिष्ठी आणि शिव नदीच्या काठचे हे गाव, पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरणे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ अब्बांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने ओढून ठेवली होती. त्या रेघेच्या वर सामान ठेवले की काळजी नाही, हा आमचा सोळा वर्षांचा हिशोब. त्या पहाटेही आम्ही तेच केले. गाद्या, टीव्ही, अम्मीची शिलाई मशीन, मुलांची पुस्तके, सगळे रेघेच्या वर चढवले. अब्बांच्या गोळ्यांचा डबा फळीवरच होता, रेघेच्या हातभर वर. इन्सुलिन फ्रीजच्या दारात होते. ते आठवलेच नाही.

पाणी वाढत राहिले. शेजारच्या काकूंनी वरच्या मजल्यावरून हाका मारून आम्हाला बोलावले. मुलांना खांद्यावर घेऊन, अब्बांचा हात धरून, मांड्यांपर्यंतच्या पाण्यातून आम्ही त्यांच्या जिन्यापर्यंत पोहोचलो. काकूंच्या घरात आम्ही दोन रात्री काढल्या. त्यांच्या तुळशीच्या कुंडीशेजारी अब्बांनी नमाज अदा केली, काकूंनी आपल्या डब्यातले पोहे आम्हा सहा जणांना पुरवले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पाणी ओसरल्यावर घरात गेलो तेव्हा २००५ ची रेघ चिखलाखाली गेली होती. गोळ्यांचा डबा, टीव्ही, मशीन, पुस्तके, सगळ्यांचा एकच चिखल झाला होता.

तिसऱ्या दिवशी मदत शिबिरातल्या डॉक्टरांनी अब्बांची साखर तपासली. ४०० च्या वर होती. डॉक्टरांनी विचारले, "कोणत्या गोळ्या चालू होत्या? इन्सुलिन कोणते?"

आम्ही दोघेही शिक्षक. शेकडो मुलांच्या हजेऱ्या, गुण, जन्मतारखा आमच्या वह्यांत नीट लिहिलेल्या असतात. पण घरातल्या माणसाच्या गोळीचे नाव आम्हाला सांगता आले नाही. "एक पांढरी छोटी, एक गुलाबी," एवढेच आम्ही बोललो. अम्मीला युनिट पाठ होते, सकाळी चौदा, रात्री दहा, पण इन्सुलिनचे प्रकार वेगवेगळे असतात हे तिलाही माहीत नव्हते आणि आम्हालाही. औषधाचे दुकान पाण्यात गेले होते, जुने केसपेपर पाण्यात गेले होते. डॉक्टरांना उपचार पहिल्यापासून ठरवावे लागले.

त्याहून मोठी गोष्ट पाचव्या दिवशी कळली. पाण्यातून चालताना अब्बांच्या पायाला पत्रा लागला होता. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे दुखले नाही. एरवी दिवसातून पाच वेळा वुजू करताना पाय धुतले जातात, बोटांच्या मधून हात फिरतो, जखम असती तर पहिल्याच दिवशी दिसली असती. पण त्या दोन दिवसांत पिण्यालाच पाणी पुरत नव्हते, म्हणून अब्बा तयम्मुम करत होते. तयम्मुममध्ये चेहऱ्यावर आणि हातांवर हात फिरवतात, पायांवर नाही. पुढे शिबिरातही मोजे कोणी काढून पाहिले नाहीत. आम्ही पाहिले तेव्हा करंगळी काळी पडली होती. ती काढावी लागली. अल्हम्दुलिल्लाह, पाय वाचला. अब्बा आज काठी घेऊन मशिदीत जातात.

या लेखात आम्ही जे लिहीत आहोत ते त्या करंगळीच्या किमतीत शिकलेले आहे. वाचकांना ते फुकटात मिळावे, एवढीच इच्छा.

आधी उंट बांधा

आपल्या समाजात तयारीची गोष्ट काढली की कोणीतरी म्हणतेच, "जे नशिबात असेल ते होईल." नशिबावर ईमान आपले सर्वांचे आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस आपल्या मुलांना मदरशात पहिल्या काही वर्षांतच शिकवली जाते. हजरत यूसुफ (अ.) यांचा किस्साही सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळ येणार हे कळल्यावर त्यांनी सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य कणसासकट साठवायला लावले. तयारी करणे हा तवक्कुलचाच भाग आहे. आमच्या घरी भरवसा होता, फक्त उंट सोडलेला होता.

भिंतीवरचा एक कागद

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तयारी म्हणजे एक कागद. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा. वय आणि रक्तगट, आजार, औषधाचे नाव मिलिग्रॅम आणि वेळेसह, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. औषधाचे नाव स्मरणाने लिहू नका, वेष्टन समोर ठेवून अक्षर अक्षर उतरवून घ्या. नावे सारखी वाटतात आणि एका अक्षराने औषध बदलते.

याच कागदाच्या खाली क्रमांक लिहा. ११२ हा कोणत्याही संकटासाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०१ अग्निशमनासाठी, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी. त्याखाली आपल्या डॉक्टरांचा, जवळच्या आरोग्य केंद्राचा, आशाताईंचा आणि बाहेरगावी राहणाऱ्या एका नातेवाईकाचा क्रमांक. बाहेरगावचा नातेवाईक यासाठी की गावातले सगळे फोन एकदम बंद पडतात, तेव्हा ताटातूट झालेल्या घरातली माणसे त्याच्याकडे निरोप ठेवू शकतात. फोनमध्ये सगळे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फोनची बॅटरी दुसऱ्या दिवशी संपते.

या कागदाच्या तीन प्रती करा. एक भिंतीवर, एक पिशवीत, एक नातेवाईकाकडे. शिवाय फोटो काढून घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये ठेवा.

मुलांना ११२ पाठ करून घेणे पुरेसे नाही. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना आम्ही एक खेळ लावला. एकाने फोन करायचा, दुसऱ्याने पलीकडचा माणूस व्हायचे. पहिल्या दिवशी बहुतेक मुलांना "घर कुठे आहे?" या प्रश्नाला "मोहल्ल्यात" एवढेच उत्तर देता आले. काय झाले, कुठे झाले, जवळची खूण कोणती, किती माणसे आहेत, हे चार मुद्दे मराठीत किंवा हिंदीत सांगता यायला आठवडा लागला. आता पहिलीतली मुलेही सांगतात. हा खेळ घरी जेवताना खेळता येतो.

पिशवीत काय असावे

जाड, पाणी न शिरणारी एक पिशवी घ्या. मुलांचे जुने दप्तरही चालेल, पण आतल्या वस्तू प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत ठेवा. आमच्या पिशवीत हे असते:

सर्वांची नेहमीची औषधे, आठवडाभराची. दर महिन्याला नवी औषधे आणली की ती पिशवीत जातात आणि पिशवीतली जुनी वापरात येतात, म्हणजे मुदत संपत नाही. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, जखमेसाठी कापसाची पट्टी, चिकटपट्टी आणि जंतुनाशक. टॉर्च, जादा सेल, शिटी, पॉवर बँक. आधार, रेशनकार्ड, निकाहनामा, बँकेचे पासबुक, घराची कागदपत्रे आणि विम्याचे कागद यांच्या प्रती. सुट्या नोटा, कारण वीज गेली की एटीएमही बंद आणि मोबाइलवरून पैसे देणेही बंद. खजूर, भाजलेले चणे, चिक्की. सॅनिटरी पॅड. लहान बाळ असेल तर त्याचे कपडे आणि दूध पाजण्याची वाटी-चमचा. चष्म्याची जुनी जोडी. साबणाची वडी.

इन्सुलिनबाबत आम्हाला नंतर समजले ते प्रत्येक मधुमेही घराने लक्षात ठेवावे. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. पण वापरात असलेली बाटली किंवा पेन फ्रीजबाहेर, उन्हापासून दूर, साधारण चार आठवडे टिकते. नेमके किती ते वेष्टनावर छापलेले असते. म्हणजे त्या पहाटे अब्बांची चालू बाटली खिशात टाकून आम्ही वर गेलो असतो तरी दोन दिवस सहज निभावले असते. वीज नसेल तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या पिशवीत घालून बाटली ठेवता येते.

पिशवी कपाटात खोल ठेवू नका. दाराजवळ, उंच खुंटीवर लावा. आणि जुन्या पुराच्या रेघेवर विसंबू नका. ती रेघ मागच्या पुराची असते, पुढच्या नाही.

घर सोडताना

पाणी दारात आले की आधी विजेचा मुख्य खटका बंद करा, पण पाण्यात उभे राहून खटक्याला हात लावू नका. गॅसचा रेग्युलेटर बंद करा. वाहत्या पाण्यात उतरणे टाळा. गुडघ्याएवढे वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, आणि गढूळ पाण्याखाली उघडे गटार दिसत नाही. चालावेच लागले तर हातात काठी घेऊन पुढची जमीन चाचपा, पायात बंद बूट असू द्या. म्हणूनच शक्य असेल तर पाणी दारात येण्याची वाट न पाहता आधीच निघा. वृद्ध, गरोदर बाई आणि लहान मुले यांना आधी हलवा, टीव्ही नंतर.

परत आल्यावर चिखल काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे आणि सामानाचे फोटो काढा. तलाठ्यांच्या पंचनाम्याला त्यांचा उपयोग होतो. बुडालेले वायरिंग वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. फ्रीजबद्दलही एक कटू गोष्ट. वीज गेल्यावर दार बंद ठेवले तर फ्रीजमधले अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते, खचाखच भरलेल्या फ्रीजरमधले दोन दिवस. आमचे मांस तर पुराच्या पाण्यातच बुडाले होते. कुर्बानीचे म्हणून अम्मीचा जीव तुटत होता, पण पुराचे पाणी लागलेले अन्न शिजवूनही खाण्यालायक राहत नाही. खोल खड्डा करून ते पुरले. तेव्हापासून पावसाळ्यातल्या बकरी ईदला आम्ही घरचा वाटा लहान ठेवतो आणि जास्तीत जास्त त्याच दिवशी वाटून टाकतो.

पाणी

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन ते चार लिटर पाणी धरा. सहा माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी निदान ५४ लिटर लागतात, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. जून ते सप्टेंबर हे तीन कॅन भरलेले, झाकलेले आणि उंचावर असू द्या. पाणी आठवड्याने बदला, जुने झाडांना घाला.

पुरानंतर विहिरीचे आणि नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. इंधन नसेल तर आशाताईंकडून मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या घ्या, सांगितलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. विहिरीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्या.

जुलाब लागले तर पहिला उपाय म्हणजे पाणी आणि मीठ भरून काढणे. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला घातक ठरते, म्हणून चमचा सपाटच हवा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. मुलांना डॉक्टर किंवा आशाताई झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्या.

पुराच्या पाण्यात चाललेल्या माणसाला पुढच्या काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असा त्रास झाला तर तो लेप्टो असू शकतो. उंदरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. वेळेवर औषध मिळाले तर बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेततो. डॉक्टरांना आवर्जून सांगा, "आम्ही पाण्यातून चाललो होतो."

रोजच्या सवयी

संकटात टिकून राहते ते शरीर संकटाच्या आधी घडलेले असते. त्यासाठी मोठ्या योजना नकोत. आमच्या घराने पाच सवयी धरल्या, पैकी कोणतीही खर्चाची नाही.

पहिली, पाय पाहणे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने इशाच्या वुजूनंतर दिव्याखाली दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्या धुतल्यावर कोरड्या पुसाव्यात. अनवाणी चालू नये, घरातसुद्धा.

दुसरी, साबण. वुजूने हात पाच वेळा धुतले जातात ही मोठी नेमत आहे, पण जंतू जायला साबण लागतो. शौचानंतर आणि जेवण बनवण्यापूर्वी वीस सेकंद साबणाने हात चोळा. वुजूला मात्र पाणी कमी वापरा. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत असत. मुद्द म्हणजे पाऊण लिटरपेक्षाही थोडे कमी. नळ सोडून वुजू करणाऱ्यांनी एकदा तांब्याने करून पाहावे, टंचाईतही सवय कामी येते.

तिसरी, मीठ मोजणे. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा माणसांचे महिन्याचे गणित ९०० ग्रॅम होते. म्हणजे एक किलोची पिशवी महिनाभर पुरायला हवी, आणि त्यातच लोणचे, पापड, सुका जवळा, बोंबील यांचे मीठ धरायचे. आमच्या घरी दोन पिशव्या संपत होत्या. अम्मीने जेवणातले मीठ एकदम तोडले नाही, दर आठवड्याला चिमूटभर कमी केले. कोणाच्या लक्षातही आले नाही. ताटात वरून मीठ वाढणे मात्र बंद केले.

चौथी, चालणे. आठवड्याला १५० मिनिटे झपाट्याने चालणे पुरेसे आहे. फजरनंतर अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्यात ते होते. बायकांना रस्त्यावर संकोच वाटतो, म्हणून आमच्या गल्लीत चौघी-पाचजणी मिळून निघतात. चालणेही होते, सुखदुःखही बोलले जाते.

पाचवी, कोरडा दिवस. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस हौद, बादल्या, वुजूचे तांबे, कुंड्यांच्या बशा, फ्रीजमागचा ट्रे रिकामा करून घासून कोरडा करायचा. आमचा दिवस गुरुवार, जुम्म्याच्या साफसफाईबरोबर. पावसाळ्यात ताप आला तर रक्त तपासेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

याशिवाय चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासावी. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांकडे जा, आणि बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका.

रमजान आणि औषधे

मधुमेही माणसाने रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रोजात बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात, तेव्हा तपासणी टाळू नका. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडून उपचार घ्यावा, असे या विषयातले डॉक्टर सांगतात. आजारी माणसाला अल्लाहने सवलत दिली आहे. आमचे अब्बा पहिल्या वर्षी रोजा सोडताना रडले होते. इमामसाहेबांनी त्यांना समजावले की जीव ही अमानत आहे आणि सवलत नाकारणे म्हणजे जास्त ईमान नव्हे. आता ते फिदिया देतात आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

हाताशी असावे असे ज्ञान

भाजले तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. चुलीजवळ ओढणी मागे बांधा. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, विजेच्या कोणत्याही बटनाला हात लावू नका.

चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांतले एक जरी अचानक झाले तर तो पक्षाघाताचा झटका समजा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, हे गॅसेस समजून घरी थांबू नका.

माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही आणि श्वासही नीट नाही, तर १०८ ला फोन करा, त्याला सपाट जमिनीवर निजवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून जोरात दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात पाच-सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याला पुढे करा. हे वाचून येत नाही, करून येते. जवळच्या रुग्णालयात किंवा शाळेत शिबिर असेल तेव्हा जरूर जा.

कोकणात पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसे बिळातून बाहेर येतात. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री टॉर्चशिवाय पाय टाकू नका. दंश झाला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो अवयव हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. दम करणाऱ्याकडे वेळ घालवू नका, दुआ गाडीत बसूनही मागता येते. लाल विंचवाच्या दंशाचीही तीच गोष्ट. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे आपल्या कोकणातल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून जगापुढे मांडले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या औषधाने असंख्य जीव वाचले ते आपल्या शेजारच्या गावात सिद्ध झाले आणि आपण अजूनही मंत्राच्या मागे धावावे, हे बरे नव्हे.

चांद, भरती आणि पाऊस

हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाला ते अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी मानतात. खाडीकाठच्या गावांनी यात चांदही पाहावा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, त्या वेळी नदीचे पाणी समुद्रात उतरायला अडते. आपली इस्लामी तारीख तर चांदावरच चालते. चांदाची चौदा ते सतरा आणि नवा चांद दिसण्याच्या आसपासचे दिवस, त्यात मुसळधार पावसाचा इशारा, एवढे जुळले की आम्ही रात्रीच सामान वर नेतो. भिंतीवरचे कॅलेंडर रोजे-ईदसाठी पाहतोच, त्यात हेही पाहावे.

मोहल्ल्याचा हिशोब

एका घराची तयारी अपुरी असते. पुरानंतर आमच्या जमातीने एक वही केली. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, कोण डायलिसिसवर आहे, कोण गरोदर आहे, कोणाचा मुलगा आखातात असून घरी फक्त म्हातारी आई आहे, याची नोंद. प्रत्येक नावापुढे दोन तरुणांची नावे, ज्यांनी पाणी वाढताच त्या दारात पोहोचायचे. वहीत काकूंचेही घर आहे, कारण आता त्याही एकट्याच राहतात. मशिदीचा भोंगा रात्री-अपरात्री इशारा द्यायला वापरायचा हेही ठरले, आणि कोणत्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोणी जायचे तेही.

अब्बा आता पंचाहत्तरीचे आहेत. मृग लागण्याच्या सुमारास, शाळा सुरू होण्याच्या आधी, ते पिशवी खाली काढायला लावतात. चटईवर एकेक वस्तू मांडतात, औषधांच्या मुदती भिंगातून वाचतात, सेल बदलतात, कागदावरची खाडाखोड पाहून नवा लिहायला सांगतात. अक्षर आमचे, पण खाली तारीख ते स्वतः घालतात. गेल्या वर्षी त्यांनी पिशवीत एक छोटा आरसा टाकला. पाय पाहायचा.

वाचकांना एकच विनंती. लेख वाचून मासिक बाजूला ठेवण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या गोळ्यांची वेष्टने मागवा. पहिले नाव आजच लिहा. बाकी पिशवी येत्या जुम्म्यापर्यंत, इन्शाअल्लाह, भरून होईल.